एकाच नावावर दोघांचा हक्क: बिल्ड टूल फाइल आणि फोल्डरचा झगडा कसा ओळखतात

खान्देशातल्या तीन जिल्ह्यांची तालुकावार माहिती दाखवणारी एक छोटी वेबसाइट करायची आहे, असं धरून चालू. कपाशीचं क्षेत्र, केळीचं क्षेत्र, पाऊस, एवढंच. माहिती एका तक्त्यात भरलेली आहे. बिल्ड टूल तो तक्ता वाचतं, प्रत्येक ओळीचं एक पान बनवतं आणि ‘आउट’ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवतं. पत्ता सुटसुटीत दिसावा म्हणून फाइलीच्या नावापुढे एचटीएमएल वगैरे काही लावलेलं नाही. जळगावचे १५ तालुके, धुळ्याचे ४, नंदुरबारचे ६, म्हणजे २५ पानं. शिवाय तीन जिल्ह्यांची तीन. एकूण २८ पानं तयार व्हायला हवीत.

बिल्ड चालतो, कुठेही लाल अक्षर येत नाही, शेवटी ‘पूर्ण’ असं लिहून येतं. आणि फोल्डरमध्ये फाइली निघतात २५.

जळगाव हा जिल्हा आहे आणि तालुकाही आहे. धुळ्याचं तेच, नंदुरबारचंही तेच. टूलने आधी ‘आउट/जळगाव’ या नावाने जिल्ह्याचं पान लिहिलं, मग त्याच नावाने तालुक्याचं पान लिहिलं आणि जिल्ह्याचं पान पुसलं गेलं. आता जिल्ह्याची कपाशी बघायला येणाऱ्याला एका तालुक्याचा आकडा दिसणार. पान नीट उघडतं, आकडाही खराच आहे, फक्त तो भलत्याचा आहे. प्रोग्राम बंद पडला तर निदान कोणी तरी बघायला जातं. इथे बघायला जाण्याचं कारणच कोणाला मिळत नाही. म्हणून नावांच्या झगड्याचा हा प्रकार मला सगळ्यात घातक वाटतो.

बिल्ड टूल म्हणजे कच्च्या फाइलींपासून पक्क्या फाइली बनवणारा कार्यक्रम. सी भाषेतल्या कोडपासून चालणारा प्रोग्राम, टाइपस्क्रिप्टपासून जावास्क्रिप्ट, मजकुरापासून वेबपानं. मेक, निन्जा, बेझल, कार्गो, ग्रेडल, वेबपॅक ही सगळी याच जातीची. कशापासून काय बनवायचं याचे नियम आपण लिहून देतो आणि टूल ते क्रमाने किंवा एकाच वेळी अनेक असे चालवतं. प्रत्येक नियमाचं एक तरी आउटपुट असतं आणि त्या आउटपुटला नाव लागतं. झगडा सुरू होतो तो इथे.

फाइल की फोल्डर, एकच काय ते

२५ फाइली पाहिल्यावर कोणीही सुचवेल की तालुके जिल्ह्याच्या आत घाला. म्हणजे ‘आउट/जळगाव/रावेर’, ‘आउट/जळगाव/यावल’, ‘आउट/जळगाव/जळगाव’. जिल्ह्याचं पान मात्र ‘आउट/जळगाव’ इथेच ठेवलं. आता कोणतीही दोन नावं तंतोतंत सारखी नाहीत. तरी बिल्ड फसतो.

कारण फाइल सिस्टिमचा नियम साधा आणि कडक आहे. एका फोल्डरमध्ये एक नाव एकदाच, आणि त्या नावाची वस्तू एक तर फाइल असेल नाही तर फोल्डर. दोन्ही असणं शक्य नाही. ‘आउट/जळगाव/रावेर’ ही फाइल लिहायची तर ‘आउट/जळगाव’ हे फोल्डर असलंच पाहिजे, आणि जिल्ह्याच्या पानाला तर तेच नाव फाइल म्हणून हवं आहे. सातबाऱ्यावर जसं गट नंबर ११२ ची फाळणी होऊन ११२/१ आणि ११२/२ असे वेगळे उतारे निघाले की नुसत्या ११२ चा उतारा बंद होतो, तसंच हे आहे. पोटहिस्से असलेलं नाव स्वतः उतारा राहू शकत नाही.

गोंधळ वाढतो तो एरर पाहून. लिनक्सवर जिल्ह्याचं पान आधी लिहिलं गेलं आणि मग टूल तालुक्यांसाठी फोल्डर करायला गेलं, तर ‘फाइल एक्झिस्ट्स’ असा संदेश येतो. फोल्डर न करता थेट रावेरची फाइल लिहायला गेलं तर ‘नॉट अ डिरेक्टरी’. आणि तालुके आधी लिहून झाले असतील तर जिल्ह्याचं पान लिहिताना ‘इज अ डिरेक्टरी’. दुखणं एकच, संदेश तीन. त्यात आजची टूलं आठ-आठ कामं एकदम चालवतात, त्यामुळे कोण आधी पोचेल याचा भरवसा नाही. सकाळी एक एरर, दुपारी दुसरी, आणि सहकाऱ्याच्या लॅपटॉपवर तिसरीच. कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये अशा वेळी ‘मशीनचाच काही तरी घोळ आहे’ म्हणून विषय सोडून दिला जातो. मशीन बिचारं अगदी नियमाने चालत असतं.

म्हणजे झगडे दोन प्रकारचे. पहिल्यात दोघांना नेमकं एकच नाव हवं असतं. दुसऱ्यात एकाचं पूर्ण नाव दुसऱ्याच्या वाटेतला टप्पा असतो. पहिला बहुतेक वेळा गुपचूप फाइल पुसतो, दुसरा आरडाओरडा करून थांबतो.

मेकचा जुना अनुभव

मेक हे टूल स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये बेल लॅब्जमध्ये लिहिलं. त्याचा हिशेब फाइलीच्या नावावर आणि तिच्या वेळेवर चालतो. ज्या नावाचं टार्गेट (म्हणजे बनवायची वस्तू), त्या नावाची फाइल आहे का, आणि ती कच्च्या मालापेक्षा नवी आहे का, एवढंच तो बघतो.

आता समजा मेकफाइलमध्ये, म्हणजे मेकच्या नियमांच्या फाइलीत, ‘बिल्ड’ नावाचं टार्गेट आहे. ‘मेक बिल्ड’ म्हटलं की पानं तयार व्हावीत एवढाच त्याचा अर्थ, त्या नावाची फाइल कोणी बनवत नाही. काही दिवसांनी प्रोजेक्टमध्ये कोणी तरी ‘बिल्ड’ नावाचं फोल्डर करतं. पुढच्या वेळी ‘मेक बिल्ड’ म्हटल्यावर उत्तर येतं की ‘बिल्ड’ अद्ययावत आहे, आणि काहीच होत नाही. मेकच्या लेखी बिल्ड नावाची वस्तू डिस्कवर सापडली आणि तिला कशाचीच गरज नाही, म्हणजे काम झालेलं आहे. ती फाइल आहे की फोल्डर, याची त्याला फिकीर नाही. ‘टेस्ट’ आणि ‘डॉक्स’ या नावांचंही असंच होतं, कारण त्या नावाची फोल्डर जवळपास प्रत्येक प्रोजेक्टमध्ये असतात. उपाय म्हणजे अशा टार्गेटला ‘फोनी’ असं घोषित करणं: हे फाइलीचं नाव नाही, कामाचं नाव आहे, डिस्कवर बघत बसू नकोस.

फोल्डरच्या वेळेचीही एक गंमत आहे. फोल्डरमध्ये नवी फाइल आली, जुनी गेली किंवा नाव बदललं, तर फोल्डरची वेळ बदलते. पण आतल्या जुन्या फाइलीचा मजकूर बदलला तर बदलत नाही. म्हणून ‘आउट/जळगाव’ हे फोल्डर एखाद्या पानाचं साधं अवलंबन (ते पान बनवायला आधी लागणारी वस्तू) म्हणून लिहिलं, तर एक तालुका लिहिला की फोल्डर ‘नवं’ होतं, आणि आधी लिहिलेले तालुके ‘जुने’ ठरून पुढच्या वेळी पुन्हा बनतात. यासाठी मेकमध्ये ‘फक्त क्रमापुरतं’ अवलंबन असतं. त्या यादीच्या आधी उभी रेघ काढायची. फोल्डर आधी असावं एवढंच बघितलं जातं, त्याची वेळ बघितली जात नाही.

आणि एकाच टार्गेटला दोन वेगळ्या कृती लिहिल्या तर? ग्नू मेक इशारा देतं, जुनी कृती टाकून देतं आणि नंतरची चालवतं. शेकडो ओळींच्या आउटपुटमध्ये तो इशारा वाचणार कोण?

आधी यादी, मग काम

नव्या टूलांनी इथे मोठं पाऊल टाकलं. निन्जामध्ये दोन नियम एकच फाइल बनवतात असं आढळलं तर ते आता चूक मानून थांबतं. टाइपस्क्रिप्टचा कंपायलर (त्याचं जावास्क्रिप्ट करणारा प्रोग्राम) दोन गोष्टींना साफ नकार देतो: दोन इनपुट एकाच आउटपुटवर येत असतील तर, आणि आउटपुट लिहिताना इनपुटच पुसलं जाणार असेल तर. दुसरा नकार मला फार मोलाचा वाटतो, कारण पुसलेलं आउटपुट पुन्हा बनवता येतं, हाताने लिहिलेलं कोड येत नाही.

वेबपॅक आणि इएसबिल्ड ही जावास्क्रिप्टची टूलं थोडं सवलतीने घेतात. दोघांनी एकाच नावावर अगदी एकच मजकूर लिहिला तर चालतं, मजकूर वेगळा असेल तर चूक. कार्गो अजून इशाऱ्यावरच आहे. ‘आउटपुट फाइलींच्या नावांची टक्कर’ असं सांगतं, पुढे ही चूक धरली जाऊ शकते असंही म्हणतं, आणि काम चालू ठेवतं. वेबसाइट बनवणारं जेकिल दोन पानं एका ठिकाणी जात असतील तर इशारा देतं आणि लिहून मोकळं होतं.

गूगलमधून आलेलं बेझल दोन्ही प्रकारचे झगडे काम सुरू करण्याआधीच पकडतं. एकच फाइल दोन वेगळी कामं बनवत असतील तर एक एरर, आणि एका आउटपुटचा मार्ग (फोल्डरांसकट पूर्ण नाव) दुसऱ्याच्या मार्गाची सुरुवात असेल तर दुसरी. हे त्याला जमतं, कारण कोणतं काम कोणती फाइल बनवणार हे बेझलला आधी घोषित करावं लागतं. पूर्ण यादी हातात असल्यावर डिस्कला हात न लावता तपासणी होते. क्रमाचा प्रश्नच उरत नाही: सकाळी आणि दुपारी, एका कामाने आणि आठ कामांनी, तीच एरर येते.

ही तपासणी आपल्या स्क्रिप्टमध्येही लिहिता येते, आणि ती जवळून बघण्यासारखी आहे. पहिल्यांदा सुचतं ते असं: सगळे मार्ग अक्षरक्रमाने लावायचे आणि शेजारच्या दोघांत पहिलं नाव दुसऱ्याच्या सुरुवातीला येतं का बघायचं. आता आपल्या वेबसाइटवर शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातला जळगाव जामोद तालुकाही घेतला, असं समजा. यादी अशी लागते:

आउट/जळगाव
आउट/जळगाव-जामोद
आउट/जळगाव/रावेर

पहिली जोडी तपासली तर ‘जळगाव’ ही ‘जळगाव-जामोद’ची सुरुवात आहे, म्हणून झगडा दाखवला जातो. प्रत्यक्षात तो नाहीच, ती दोन वेगळी नावं आहेत. दुसरी जोडी तपासली तर ‘जळगाव-जामोद’ आणि ‘जळगाव/रावेर’ यांचं काहीच देणं-घेणं नाही. आणि खरा झगडा, पहिल्या आणि तिसऱ्या ओळीतला, तपासलाच गेला नाही, कारण संगणकाच्या अक्षरक्रमात जोडरेघ तिरप्या रेघेच्या आधी येते आणि मध्ये घुसते. टिंबही तसंच आधी येतं. एकाच चाचणीत खोटा आरोप झाला आणि खरा गुन्हेगार सुटला.

बरोबर रीत अक्षरांवर नाही, टप्प्यांवर चालते. प्रत्येक मार्ग तिरप्या रेघेपाशी तोडायचा. ‘आउट/जळगाव/रावेर’साठी ‘आउट’ आणि ‘आउट/जळगाव’ ही दोन फोल्डर लागणार, ती ‘लागणारी फोल्डर’ या संचात टाकायची. सगळ्या मार्गांसाठी हे झालं की दुसरा संच घ्यायचा, ‘लिहायच्या फाइली’ हा. त्यात एखादं नाव दुसऱ्यांदा आलं तर पहिल्या प्रकारचा झगडा. एखादं नाव दोन्ही संचांत सापडलं तर दुसऱ्या प्रकारचा. पाच-दहा ओळींचा कोड होतो आणि हजारो फाइलींनाही चटकन उरकतो. प्रत्येक नावाबरोबर ते कोणत्या नियमाने मागितलं तेही साठवावं. ‘आउट/जळगाव इज अ डिरेक्टरी’ एवढ्यावरून कोणाला काही कळत नाही. ‘जिल्हा-पान हा नियम आउट/जळगाव ही फाइल मागतो, तालुका-पान हा नियम तेच फोल्डर मागतो’ एवढं लिहून आलं की दुरुस्ती कुठे करायची ते वाचणाऱ्याला समजतं.

झगडा होऊच नये अशी नावं

मुरलेली टूलं नावंच अशी ठेवतात की टक्कर होणार नाही. सीमेक प्रत्येक टार्गेटच्या मधल्या फाइली ‘टार्गेट.डीआयआर’ अशा फोल्डरमध्ये ठेवतं, म्हणजे ‘रावेर’ हा तयार प्रोग्राम आणि ‘रावेर.डीआयआर’ हे फोल्डर एकमेकांच्या आड येत नाहीत. मेसन त्यासाठी ‘.पी’ लावतं. बेझलमध्ये गो भाषेचे नियम तयार प्रोग्राम ‘रावेर_/रावेर’ असा एका अधोरेखा लावलेल्या फोल्डरच्या आत ठेवतात, कारण ‘रावेर’ नावाचं फोल्डर तिथे आधीच असण्याची शक्यता दाट असते. बघायला विचित्र, पण त्यामागचा विचार पक्का.

कार्गो मधल्या फाइलींच्या नावात हॅशची, म्हणजे आवृत्ती वगैरेंवरून गणिताने काढलेली, अक्षरं जोडतं, म्हणून एकाच लायब्ररीच्या दोन आवृत्त्या एका फोल्डरमध्ये सुखाने राहतात. शिवाय प्रोग्रामला ‘बिल्ड’, ‘डेप्स’, ‘एक्झाम्पल्स’, ‘इन्क्रिमेंटल’ ही नावं द्यायला ते बंदीच घालतं, कारण त्या नावांची फोल्डर त्याला स्वतःला हवी असतात. रोलअप टक्कर झाली की नावापुढे २ लावून मोकळं होतं. ज्या फाइलीचं नाव कोणी हाताने टाइप करणार नाही तिथे ते ठीक आहे. पण ‘जळगाव२’ असा पत्ता शेतकऱ्याला पाठवायचा असेल तर अजिबात ठीक नाही, कारण उद्या क्रम बदलला की जिल्हा ‘जळगाव२’ होईल आणि तालुका ‘जळगाव’.

आपल्या वेबसाइटसाठी जुनाच उपाय सरस आहे. प्रत्येक पानाला स्वतःचं फोल्डर द्यायचं आणि आत ‘इंडेक्स’ नावाची फाइल ठेवायची: ‘आउट/जळगाव/इंडेक्स’, ‘आउट/जळगाव/रावेर/इंडेक्स’. आता वाटेतलं प्रत्येक नाव फोल्डरच आहे आणि फाइल फक्त टोकाला. ह्यूगोसारखी टूलं मुळातच असं करतात. अट एकच, कोणत्याही तालुक्याचं नाव ‘इंडेक्स’ नको!

कालची फाइल, आजचं फोल्डर

आतापर्यंतचे झगडे एकाच बिल्डमधले होते. आजचा बिल्ड आणि कालचा बिल्ड यांच्यातही झगडा लागतो.

नंदुरबार १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा होऊन जिल्हा झाला. त्याआधी तो धुळे जिल्ह्यातला तालुका होता. आपल्या साइटची पहिली आवृत्ती जुन्या आकडेवारीवर बनवली आणि त्यात प्रत्येक नाव सपाट, म्हणजे ‘आउट/नंदुरबार’ ही एक फाइल. पुढच्या आवृत्तीत नंदुरबार जिल्हा, आत शहादा, तळोदा, नवापूर, अक्कलकुवा, अक्राणी. म्हणजे ‘आउट/नंदुरबार’ आता फोल्डर. नव्या यादीत काहीच झगडा नाही, वरची तपासणी हिरवा कंदील देते. पण डिस्कवर कालची फाइल बसलेली आहे. ज्याच्याकडे जुना ‘आउट’ आहे त्याचा बिल्ड फसतो, ज्याने आज प्रोजेक्ट उतरवला त्याचा चालतो.

दुसरी बाजू शांतपणे नुकसान करते. एदलाबादचं नाव मुक्ताईनगर झालं, तक्त्यात नाव बदललं, नवं पान तयार झालं. जुनं ‘एदलाबाद’ पान मात्र ‘आउट’मध्ये तसंच राहिलं आणि सर्व्हरवरही गेलं. आता एकाच तालुक्याची दोन पानं आहेत आणि एकातला आकडा कधीच बदलणार नाही.

बेझल काम चालवण्याआधी त्या कामाची जुनी आउटपुट स्वतः हटवतं. ‘वीट’ नावाचं वेबसाइटचं टूल आउटपुट फोल्डर प्रोजेक्टच्या आत असेल तर आधी रिकामं करतं, बाहेर असेल तर स्पष्ट सांगितल्याशिवाय हात लावत नाही. टाइपस्क्रिप्टचा कंपायलर स्वतःहून जुनं काही साफ करत नाही, ते आपल्यावर. स्वतःच्या स्क्रिप्टमध्ये सुरक्षित रीत म्हणजे बनवलेल्या फाइलींची नोंद ठेवणं आणि पुढच्या वेळी नोंदीत असलेलंच हटवणं. वाटेत दिसेल ते पुसणारं टूल एक दिवस कोणाच्या तरी हाताने लिहिलेल्या टिपणांवर जातं.

तुझ्या मशीनवर चालतं, माझ्यावर नाही

घरी विंडोजचा लॅपटॉप आणि सर्व्हर लिनक्सचा, ही जोडी आपल्याकडे सगळीकडे दिसते. विंडोजवर तयार प्रोग्रामला ‘.इएक्सइ’ लागतं, म्हणून ‘रावेर’ फोल्डरशेजारी तो आरामात बसतो. लिनक्सवर काहीच लागत नाही, त्यामुळे लिंकर (तुकडे जोडून प्रोग्राम तयार करणारं टूल) ‘इज अ डिरेक्टरी’ म्हणून थांबतो.

इंग्रजी नावांत लहान-मोठ्या अक्षरांचा फरक लिनक्स मानतं. विंडोज आणि मॅक साधारणपणे मानत नाहीत. लिनक्स कर्नलच्या कोडमध्ये फक्त तेवढ्याच फरकाच्या फाइलींच्या जोड्या आहेत, आणि त्या विंडोजवर एकमेकींवर येतात. हडूप या मोठ्या माहितीवर काम करणाऱ्या प्रणालीसाठी बनवलेल्या जार फाइलींत (जावा प्रोग्रामच्या फाइलींची गाठोडी) मोठ्या अक्षरांत ‘लायसन्स’ नावाची फाइल आणि लहान अक्षरांत त्याच नावाचं फोल्डर असे. लिनक्सवर सुरळीत, मॅकवर जार उलगडताना फोल्डर बनत नाही म्हणून काम बंद.

देवनागरीत लहान-मोठं अक्षर नाही, पण आपला एक खास खड्डा आहे. ‘शेतकऱ्यांसाठी’ या शब्दातला ऱ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: एकच अक्षर म्हणून, किंवा साधा र आणि त्याखाली नुक्ता असा दोन भागांत. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. लिनक्सच्या लेखी बाइट वेगळे, म्हणून दोन वेगळ्या फाइली. मॅकवर दोन्ही एकच, म्हणून दुसरी पहिलीवर लिहिली जाते. तेव्हा वरच्या संचात नाव टाकण्याआधी ते युनिकोडच्या एनएफसी या ठराविक रूपात आणावं आणि इंग्रजी अक्षरं लहान करावीत. लिहिताना मूळ नाव वापरायचं, तुलना मात्र या रूपांची करायची.

ज्या कामांची आउटपुट आधी माहीतच नसतात, उदाहरणार्थ झिप उलगडणं, तिथे यादी तपासता येत नाही. बेझल अशा कामाला एक पूर्ण फोल्डर देऊन टाकतं. आत हवं ते लिहा, पण दुसऱ्या कोणी त्यात लिहायचं नाही. मग झगडा शेवटच्या एकत्रीकरणावर ढकलला जातो. ग्रेडल तिथे एकाच नावाच्या दोन नोंदी आल्या की धोरण विचारतं: दोन्ही ठेवू, दुसरी वगळू, इशारा देऊ की थांबू? परवान्याच्या मजकुराची फाइल असेल तर पहिली ठेवून दुसरी वगळली तरी सहसा प्रोग्रामचं काही बिघडत नाही. पण जावाच्या ‘मेटा-इन्फ/सर्व्हिसेस’ फोल्डरमधल्या फाइलींमध्ये प्लगइनची नावं लिहिलेली असतात. त्यातली एक वगळली तर तिच्यातले प्लगइन गायब होतात आणि बिल्ड काहीच बोलत नाही. तिथे दोन्ही फाइलींच्या ओळी एकत्र जोडाव्या लागतात; मेव्हन या जावाच्या बिल्ड टूलच्या शेड प्लगइनमध्ये त्यासाठी वेगळी सोय आहे आणि ती आपल्याला हाताने चालू करावी लागते.